एका टक्क्याचा हिशोब

दोस्तांनो, जरा हा हिशोब करा पाहू! सोलापुरातला एक दादा बी.कॉम. झाला. समजा, त्याला पहिल्या वर्षी ६२ टक्के मिळाले, दुसऱ्या वर्षी ५६ आणि तिसऱ्या वर्षी ४४. सरासरी किती? बरोबर, ५४!

‘पास झाला ना, मग बिघडलं काय?’ असं तुम्ही म्हणाल. पण त्याला सी.ए. व्हायचंय. कॉमर्सच्या पदवीधराला ५५ टक्के असतील, तर थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. एका टक्क्यानं ते दार बंद झालं! आता आधी फाउंडेशन. त्यात चार पेपर. प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के हवेत. मग इंटरमीजिएट, आणि त्यानंतर सी.ए.च्या ऑफिसात दोन वर्षांची आर्टिकलशिप. चादरीच्या कारखान्याची कीर्द-खतावणी कशी तपासतात, ते तिथंच कळतं.

नोकरीतही तसंच. बऱ्याच कंपन्या अर्जासाठी टक्क्यांची अट घालतात. मुलाखतीत विचारतात, ‘तिसऱ्या वर्षी काय झालं?’ अशा वेळी थापा मारू नका. गुणपत्रिका समोरच असते! आजारपण असो की घरची अडचण, खरं कारण सांगा. मग कसं सावरलात, तेही सांगा.

आणि आईबाबा, गुण घसरले की रागावण्याआधी कारण विचारा. वहीतली चूक त्याच दिवशी सापडली तर एका ओळीत दुरुस्त होते. वर्षअखेरीला सापडली तर अख्खी वही चाळावी लागते!