प्रायोगिक व्हिडिओ कला : स्वरूप, आस्वाद आणि जतन

प्रस्तावना :

महाविद्यालयीन अध्यापनात दृश्यकलेचा विचार प्रामुख्याने चित्र, शिल्प आणि वास्तू या तीन कलांपुरता होतो. हलत्या प्रतिमेचा विचार झालाच, तर तो चित्रपटाच्या अनुषंगाने केला जातो. या दोन क्षेत्रांच्या सीमेवर उभी असलेली व्हिडिओ कला दोन्हीकडून दुर्लक्षित राहते. कलादालनात गेलेला सुशिक्षित प्रेक्षकही अंधाऱ्या खोलीत चालू असलेल्या प्रक्षेपणासमोर दोन मिनिटे थांबतो, 'यात गोष्ट काय?' असा प्रश्न मनाशी करतो आणि पुढे निघून जातो. हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तो चित्रपटाला विचारावयाचा प्रश्न आहे. व्हिडिओ कलेला कोणते प्रश्न विचारावेत, भारतात व विशेषतः मुंबईत या कलेची वाटचाल कशी झाली आणि नवोदित कलावंतांच्या या कलाकृती टिकवून ठेवण्याचा प्रश्न आज कोणत्या स्वरूपात उभा आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. संकल्पना आणि स्वरूप :

व्हिडिओ कलेच्या आरंभाचा विचार करताना कोरियात जन्मलेल्या नाम जून पाइक या कलावंताचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. त्याने १९६३ मध्ये जर्मनीतील वुपरटाल येथील प्रदर्शनात दूरचित्रवाणी संचांच्या अंतर्गत रचनेत फेरफार करून त्यांवरील प्रतिमा विकृत स्वरूपात मांडल्या. घरोघरी एकतर्फी बोलणाऱ्या यंत्राला कलावंताने दिलेले ते प्रत्युत्तर होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोनी कंपनीचा 'पोर्टापॅक' हा खांद्यावरून नेता येणारा संच उपलब्ध झाला. चित्रपटाची फीत रासायनिक प्रक्रियेसाठी प्रयोगशाळेत पाठवावी लागे. चुंबकीय फितीवरील चित्रण मात्र तत्क्षणी पाहता येई आणि पुसून पुन्हा करता येई. त्यामुळे एकटा कलावंत, स्टुडिओ किंवा निर्माता यांच्या आधाराविना, काळ आणि हालचाल या घटकांवर काम करू शकला.

अर्थात केवळ साधन वेगळे असल्याने कला वेगळी ठरत नाही. चित्रपटगृहात प्रेक्षक ठरलेल्या वेळी येतो, आसनावर बसतो आणि आरंभापासून अंतापर्यंत एका पडद्याकडे पाहतो. व्हिडिओ कलेत यांपैकी प्रत्येक गोष्ट कलावंताच्या निर्णयाच्या कक्षेत येते. कलाकृती आवर्तनाने अखंड चालू असते, म्हणून प्रेक्षक कोणत्याही क्षणी आत शिरतो. पडदा एक असेल वा सात. तो भिंतीवर असेल, जमिनीवर असेल किंवा एखाद्या वस्तूच्या आतही असेल. म्हणून अशा कलाकृतीसमोर पुढील चार प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते : येथे काळ कसा वापरला आहे? प्रतिमा कोणत्या स्थळी व कशावर मांडली आहे? प्रेक्षकाला कोठे उभे केले आहे? आणि कॅमेरा कोणाच्या हाती आहे? 'प्रायोगिक' या विशेषणाचा अर्थ यंत्राच्या नावीन्यात शोधण्यापेक्षा या चार प्रश्नांच्या उत्तरांत शोधणे अधिक योग्य होय.

२. मुंबईतील पूर्वपीठिका :

भारतातील व्हिडिओ कलेचा आरंभ सामान्यतः १९९० च्या दशकात मानला जातो. तथापि तिची पूर्वपीठिका त्याहून दोन दशके मागे जाते. चित्रकार अकबर पदमसी यांनी जवाहरलाल नेहरू पाठ्यवृत्तीच्या साहाय्याने १९६९ मध्ये मुंबईत 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केले. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार यांना एकत्र आणून परस्परांची साधने हाताळू देणे, हा त्यामागील हेतू होता. स्वतः पदमसी यांनी येथे 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' (१९६९) आणि रेखांच्या हालचालीवर आधारलेला, ध्वनिविरहित 'सिझिजी' (१९७०) हे दोन लघुपट केले.

या कार्यशाळेतील सर्वांत तरुण सहभागी होत्या नलिनी मालानी. १९४६ मध्ये कराचीत जन्मलेल्या मालानी तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांच्या होत्या. त्यांची 'युटोपिया' (१९६९-७६) ही कलाकृती शेजारी-शेजारी चालणाऱ्या दोन चित्रफितींची आहे. एका बाजूस रंगीत, स्थिरचित्रे जोडून हलती केलेली घरांची प्रतिकृती दिसते. ते आधुनिक नगररचनेचे स्वप्न आहे. दुसऱ्या बाजूस कृष्णधवल चित्रणात एक तरुणी वाढत्या शहराकडे व त्यातील झोपडवस्तीकडे पाहत उभी आहे. दोन्ही बाजूंचे चित्रण सेल्युलॉइडवर केलेले असल्याने काटेकोर अर्थाने याला व्हिडिओ म्हणता येणार नाही. परंतु स्वप्न आणि वास्तव एकामागून एक न दाखवता एकाच वेळी समोर ठेवून त्यांतील तुलना प्रेक्षकावर सोपवण्याची जी रीत येथे दिसते, ती पुढील व्हिडिओ कलेचा पाया ठरली.

३. १९९० चे दशक : चित्रचौकटीबाहेर :

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांमुळे घरातील पडद्यावर प्रतिमांचा ओघ वाढला. १९९२-९३ च्या दंगलींनी मुंबईच्या सहजीवनावर खोल आघात केला. एकटे तैलचित्र या अनुभवाला पुरे पडत नाही, अशी जाणीव अनेक चित्रकारांना झाली आणि त्यांनी मांडणशिल्प व व्हिडिओ या माध्यमांकडे आपला मोर्चा वळवला. दशकाच्या मध्यास आलेल्या मिनी-डीव्ही फितीमुळे आणि नंतर संगणकावर शक्य झालेल्या संकलनामुळे खर्चही आटोक्यात आला.

मे १९९८ मधील पोखरण अणुचाचण्यांनंतर मालानी यांनी केलेली 'रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग' ही कलाकृती वरील चार प्रश्नांच्या आधारे पाहता येईल. सआदत हसन मंटो यांची फाळणीवरील कथा तिच्या मुळाशी आहे. चार प्रक्षेपणांपैकी समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया दिसतात. मधल्या अंतरापलीकडून त्या एकाच साडीची घडी घालू पाहतात. जमिनीवर बारा पत्र्याच्या ट्रंका आहेत आणि त्यांच्या आत ठेवलेल्या संचांवर विस्थापितांची दृश्ये चालू असतात. प्रमुख भिंतीवर अणुस्फोट दिसतो. पत्र्याची ट्रंक ही निर्वासिताचे सारे घर सामावणारी वस्तू असल्याने येथे प्रतिमा कशावर मांडली आहे, हाच आशय होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे साडीची घडी ज्या अंतरामुळे पुरी होत नाही, त्याच अंतरात प्रेक्षक उभा असतो. त्याला तटस्थ राहता येत नाही. एका पडद्यावरील चित्रपटात हा परिणाम साधणे कठीण आहे.

याच सुमारास पुढील पिढी उदयास येत होती. दिल्लीच्या सोनिया खुराना यांच्या 'बर्ड' (२०००) या कृष्णधवल व्हिडिओत कलावंत स्वतः विवस्त्र अवस्थेत एका चौथऱ्यावर उडण्याचा प्रयत्न करते, तोल जातो, प्रयत्न पुन्हा सुरू होतो. शिल्पासाठी राखलेल्या चौथऱ्यावर आदर्श स्त्रीमूर्तीऐवजी धडपडणारे खरे शरीर येते. शिवाय आवर्तनामुळे त्या धडपडीला शेवट उरत नाही. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी 'शॅडो' मालिकेत (२००६-०७) प्रेक्षकाची सावलीच कॅमेऱ्याने टिपून पडद्यावर आणली. वरून पडणाऱ्या वस्तूंच्या सावल्या तिला येऊन चिकटतात आणि झटकता येत नाहीत. प्रेक्षक आला नाही, तर ही कलाकृती अपुरीच राहते.

४. नवे कलावंत, नवी स्थळे :

गेल्या दीड दशकात या कलेत आलेल्या कलावंतांचे वेगळेपण त्यांनी आणलेल्या अनुभवविश्वात आहे. प्रभाकर पाचपुते यांचा जन्म १९८६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या कोळसा खाणीच्या गावी झाला. त्यांच्या कुटुंबातील पिढ्या खाणीत राबल्या. खैरागढ आणि बडोदा येथे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी २०१२ मध्ये मुंबईतील क्लार्क हाउस येथे 'कॅनरी इन अ कोलमाइन' हे प्रदर्शन केले. भिंतीवर थेट कोळशाने काढलेली भव्य रेखाटने आणि रेखाटनांतूनच घडवलेली चलत्चित्रे ही त्यांच्या कामाची दोन अंगे आहेत. त्यांतील मनुष्याकृतींच्या ठिकाणी अनेकदा अवजार, दिवा वा प्राणी यांचे मिश्रण दिसते. श्रमाने माणसाचे रूपच बदलून टाकले आहे. ज्या द्रव्यासाठी जमीन खोदली गेली, त्याच्याच गोत्रातील द्रव्याने तिची हकीकत लिहिली जाते, हे विशेष.

अमोल पाटील (जन्म १९८७) यांच्या कलेचे स्थळ मुंबईची चाळ हे आहे. आजोबांचा पोवाडा आणि वडिलांचे कामगार रंगभूमीवरील कार्य हा त्यांचा वारसा होय. जर्मनीतील कासेल येथे २०२२ मध्ये भरलेल्या पंधराव्या 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनात त्यांनी शिल्प, व्हिडिओ, ध्वनी आणि प्रयोग यांच्या मिश्रणातून चाळीतील जीवन व सफाई कामगारांचे श्रम मांडले. मराठीच्या अध्यापकांना लोकरंगभूमी आणि कामगार साहित्य यांची परंपरा परिचित आहे. ती परंपरा या माध्यमात कोणते रूप घेते, हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय होऊ शकेल.

कॅमेरा कोणाच्या हाती आहे, या चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'कॅम्प' या २००७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या गटाने दिले आहे. त्यांच्या 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ' (२०१३) या कृतीतील बरेचसे चित्रण कच्छच्या आखातापासून इराणच्या आखातापर्यंत मालवाहू गलबते नेणाऱ्या खलाशांनी स्वतःच्या भ्रमणध्वनींवर केले आहे. त्यांनीच त्याला जोडलेली गाणीही तशीच ठेवली आहेत. पुढे 'बॉम्बे टिल्ट्स डाउन' (२०२२) या सात पडद्यांच्या कृतीत मध्य मुंबईतील पस्तीस मजली इमारतीवर बसवलेला पाळतीचा कॅमेरा उंच मनोऱ्यांवरून खालच्या वस्तीपर्यंत दृष्टी उतरवत आणतो. नागरिकांवर लक्ष ठेवणारे यंत्र येथे शहरातील विषमता उघड करणारे साधन होते.

५. जतनाचा प्रश्न :

चित्र भिंतीवर टांगून ठेवले तरी काही काळ टिकते. व्हिडिओ कलाकृती मात्र यंत्राच्या आयुष्याशी बांधलेली असते. यू-मॅटिक, व्हीएचएस, मिनी-डीव्ही, डीव्हीडी अशी साधने एकामागून एक कालबाह्य झाली. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन बंद केल्यावर ती यंत्रे बनवणारा शेवटचा ज्ञात कारखानाही उरला नाही. फीत शाबूत असूनही ती पाहता येत नाही, अशी अवस्था त्यातून निर्माण होते. पदमसी यांच्या 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'ची एकमेव प्रत हरवली. चित्रपटकार आशिम अहलुवालिया यांनी २०१६ मध्ये वृद्ध पदमसींसमवेत त्या हरवलेल्या कृतीचा मागोवा घेणारा लघुपट केला. मूळ कृती मात्र आज आपल्याला उपलब्ध नाही.

प्रस्थापित कलावंतांच्या कृती संग्रहालये सांभाळतात. जोखीम आहे ती नवोदितांच्या कृतींना. प्रदर्शन संपल्यावर भिंतीवरील रेखाटन पुसले जाते, प्रक्षेपक परत जातो आणि उरते ती संगणकातील एक फाइल. ती फाइल म्हणजे कलाकृती नव्हे. खोलीचे आकारमान, पडद्यांमधील अंतर, ध्वनीची पातळी, प्रेक्षकाची जागा यांची लेखी नोंद नसेल, तर 'टोबा टेक सिंग'मधील बारा ट्रंकांसारखा तपशील पुढील पिढीला पुन्हा उभा करता येणार नाही. दुसरी अडचण उपलब्धतेची आहे. अशा कृतींच्या मोजक्या क्रमांकित प्रती विकल्या जातात, त्यामुळे त्या खासगी संग्रहांत जातात आणि विद्यार्थ्यांना दिसत नाहीत. या पार्श्वभूमीवर २००८ मध्ये मुंबईतून सुरू झालेला 'पॅड डॉट मा' हा टिपणांसह चित्रण खुले करणारा संग्रह महत्त्वाचा ठरतो.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, व्हिडिओ कलेतील प्रयोग प्रतिमा आणि प्रेक्षक यांच्या बदलत्या नात्यात आहे. खाण, चाळ आणि गलबत ही स्थळे नव्या कलावंतांमुळे कलादालनात आली. ही स्थळे इतिहास, समाजशास्त्र, भूगोल व साहित्य या विषयांच्या अभ्यासकांना परकी नाहीत. त्यामुळे या कलेचा अभ्यास केवळ कला महाविद्यालयांवर सोपवून चालणार नाही. आपल्या परिसरातील कलावंताला महाविद्यालयात निमंत्रित करणे, एका वर्गखोलीत त्याची कृती त्याच्या सूचनांनुसार मांडणे, विद्यार्थ्यांकडून तिचे वर्णन व मांडणीचा आराखडा लिहून घेणे आणि तो ग्रंथालयात जतन करणे, एवढे कार्य कोणत्याही महाविद्यालयास एका प्रक्षेपकाच्या साहाय्याने करता येईल. पदमसींचा लघुपट हरवला तेव्हा तो पाहिलेल्यांची अशी लेखी टिपणे असती, तर आज त्याविषयी अधिक काही सांगता आले असते.