मधोमध खोल गेलेला धारेचा दगड

घरातला धार लावायचा दगड उजेडासमोर धरा आणि त्यावर पोलादी पट्टी उभी टेकवा. पट्टी दोन टोकांना टेकली आणि मधून उजेड दिसला, तर दगड खोल गेला आहे. यवतमाळ जिल्ह्यात विळा, कुऱ्हाड, खुरपे, विळी आणि पटाशी रोजच्या हाताखालची. धार बसेना झाली की दोष लोखंडाला दिला जातो, लोहाराला दिला जातो किंवा नवा चाकू आणला जातो. आधी दगड तपासावा, असे मला मनापासून वाटते, कारण बिघाड बहुतेक वेळा तिथेच असतो आणि तो घरच्या घरी दुरुस्त होतो.

सर्वात रुजलेला गैरसमज असा की दगड लोखंडापेक्षा कठीण असतो, म्हणून तो झिजत नाही. बाजारात मिळणारा करड्या रंगाचा दगड, एक बाजू खरखरीत आणि दुसरी बारीक, हा सहसा सिलिकॉन कार्बाइडचा असतो. हा पदार्थ एडवर्ड अ‍ॅचेसन या अमेरिकी संशोधकाने 1891 मध्ये भट्टीत तयार केला आणि त्याला कार्बोरंडम हे नाव दिले. महाराष्ट्रात उरणजवळच्या मोरा येथे 1941 पासून घासचाके बनू लागली, तीही अशाच कठीण कणांची. हे कण पोलादापेक्षा कितीतरी कठीण असतात हे खरे, पण त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारा बंध तेवढा कठीण नसतो. वापरात वरचे कण बोथट होतात, सुटून पडतात आणि खालचे ताजे कण उघडे पडतात. दगड झिजतो म्हणूनच तो कापतो. हात सवयीने मधल्या भागावरच फिरतो, त्यामुळे झीज तिथे जास्त होते.

खोलगट दगडावर चाकू पाजवताना पाते आधी उतारावर असते, मग चढावर. मनगट कितीही स्थिर ठेवले तरी पात्याचा कोन बदलत राहतो. धार टोकदार होण्याऐवजी गोलावते. टोमॅटोच्या सालीवरून चाकू घसरतो तो यामुळे. सुताराच्या पटाशीला आणि रंध्याच्या पात्याला तर हा दोष अजिबात चालत नाही. दगडाचा खड्डा पात्याच्या तोंडावर उलटा उमटतो, कोपरे जास्त घासले जातात आणि मध्य पुढे येतो.

विळ्याचे मात्र वेगळे. विळा एका हातात धरून दगडच पात्यावरून फिरवतात, पातेही वाकडे, तेव्हा दगड थोडा खोल असला तरी बिघडत नाही. म्हणून प्रत्येक दगड आरशासारखा सपाट हवा, या दुसऱ्या टोकाच्या समजुतीतही तथ्य नाही. जुना, खोल गेलेला दगड शेतात विळा-खुरप्याला ठेवा. चाकू आणि पटाशीसाठी दुसरा दगड राखा आणि तो सपाट ठेवा. सोयाबीन काढणीचा विळा दातेरी असेल तर दाते ज्या बाजूला खाचलेले आहेत त्या बाजूला दगड लावूच नये. सपाट बाजूनेच हलका हात फिरवावा, नाहीतर दाते घासून जातात.

“कुठलाही खरखरीत दगड चालतो” हेही ऐकू येते. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा. घराच्या पायरीवर, विहिरीच्या काठावर विळा घासण्याची सवय त्यातूनच आली. बेसाल्टमधली खनिजे पाणी दिलेल्या पोलादाच्या जवळपास कठीण असतात, त्यामुळे तो पोलाद फार हळू खातो. वणीकडे चुनखडक आहे, तो तर पोलादापुढे मऊच. त्याच भागात वालुकाश्मही आढळतो. त्यातले गारेचे कण पोलादाहून कठीण असतात, म्हणून जगभर वालुकाश्माचे धारेचे दगड वापरले गेले. तरी उचललेल्या दगडात मोठे कण मिसळलेले असले तर ते पात्यावर ओरखडे पाडतात. चांगल्या चाकूला विकतचा दगडच बरा.

दगड सपाट करायचा म्हणजे काय, यावर जास्त गोंधळ आहे. बरेच जण दोन दगड एकमेकांवर घासतात. त्याने दोन्ही एकमेकांना बसतात, सपाट होतीलच असे नाही. एक खोलगट आणि दुसरा फुगीर होऊनही ते तंतोतंत जुळू शकतात. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने 1840 मध्ये खरे सपाट पृष्ठ मिळवण्याची रीत मांडली, ती तीन पृष्ठांची होती. पहिले दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी, तिसरे पहिल्याशी असे आलटून पालटून जुळवले की फुगीरपणाला जागाच उरत नाही. तीन दगड असतील तर ही रीत घरीही चालते.

एकच दगड असेल तर जाड काचेचा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा घ्या. ओटे बसवणाऱ्यांकडे असे तुकडे उरलेले असतात. तो सपाट आहे ना, हे पट्टीने पाहा. हार्डवेअरच्या दुकानातला 80 ते 120 नंबरचा वॉटर पेपर त्यावर ओला करून चिकटवा. धारेच्या दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि पाणी घालत, दगड मधूनमधून फिरवत घासा. उंच भागावरच्या रेघा आधी जातात, खड्ड्यातल्या शेवटी. सगळ्या गेल्या की पुन्हा एकदा रेघा मारून खात्री करा. दगड फार खोल असेल तर कागद लवकर संपतो, कारण कागदावरचे कणही सहसा त्याच जातीचे असतात. अशा वेळी सिलिकॉन कार्बाइडची सुटी भुकटी पाण्यासह वापरलेली स्वस्त पडते. गॅरेजमधली व्हॉल्व्ह घासायची पेस्ट घेऊ नका. ती बहुधा ग्रीसमध्ये कालवलेली असते आणि ग्रीस दगडाच्या छिद्रांत बसते. शेवटी दगडाच्या कडा किंचित मारा म्हणजे टवके उडत नाहीत आणि दगड भरपूर पाण्याने धुवा. जाड कण बारीक बाजूवर राहिला तर पात्यावर ओरखडा उठणारच.

काळा, चकचकीत होऊन नुसता घसरणारा दगड संपलेला नसतो. त्याची छिद्रे लोखंडाच्या बारीक चुऱ्याने भरलेली असतात. धुण्याचा सोडा आणि ताठ ब्रश, त्यानंतर वॉटर पेपरवर थोडे घासणे, एवढ्याने तो पुन्हा कापू लागतो. पाटा गुळगुळीत झाला की आपण त्याला टाकी लावून घेतो, तो फेकून देत नाही. धारेच्या दगडाचेही तसेच आहे.

तेलाबाबत विदर्भात विशेष काळजी हवी, कारण घरात जवस किंवा करडईचे तेल असते आणि हाताशी तेच लागते. जवसाचे तेल हवेत सुकून त्याचा चिवट थर होतो; रंगात ते याच गुणासाठी घालतात. करडईचे तेलही त्याच वळणाचे. दगडावर हा थर बसला की तो काढणे जिकिरीचे होते. बाजारातल्या साध्या दगडाला पाणी पुरते. बुडबुडे थांबेपर्यंत तो पाण्यात ठेवा आणि वापरताना वरून पाणी शिंपडत राहा. पण दगड कायम बादलीत बुडवून ठेवणे चांगले, हेही सरसकट खरे नाही. काही दगडांचा बंध सततच्या पाण्याने मऊ पडतो. वापर झाला की धुऊन सावलीत वाळवावा.

राहिला प्रश्न विजेच्या घासचाकाचा. ठिणग्या जास्त म्हणजे धार चांगली, असे अनेकांना वाटते. लोहाराने पाणी दिलेले पोलाद चाकावर तापले की त्यावर रंग चढतो; फिकट पिवळा साधारण 220 अंश सेल्सिअसला आणि निळा 300 च्या आसपास. धार निळी पडली म्हणजे तिथले पाणी उतरले. असे पाते दोन दिवस छान चालते आणि मग लवकर बोथटते. चाकावर द्यायचेच असेल तर क्षणभर टेकवून लगेच पाण्यात बुडवणारा कारागीर निवडा. पाते फार मोडले असेल तरच चाक. एरवी सपाट दगडावर पाच मिनिटे पुरतात.

दगड खोल जाऊ नये म्हणून त्याची दिशा दर वेळी उलटी करा, टोके आणि कडाही वापरा. थोडी झीज दिसताच सपाट करा, कारण खड्डा वाढल्यावर दगडाचा कितीतरी भाग वाया घालवावा लागतो. आणि हे काम कोरडे कधीही करू नका, विशेषतः वालुकाश्माचा दगड असेल तर. त्याची धूळ म्हणजे गारेची भुकटी. ती वर्षानुवर्षे श्वासातून गेली की फुप्फुसे कायमची निकामी करते. पाणी घातले की धूळ उडतच नाही.