डॉक्टरांच्या परिषदेवर कोण बसतं?

परवा लालबागच्या एका आजींना घेऊन त्यांचा मुलगा ओपीडीत आला होता. गोळ्या लिहून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, ‘‘डॉक्टर, एका खासगी डॉक्टरबद्दल तक्रार कुठे करायची?’’ मी महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा पत्ता सांगितला. आर्थर रोड नाका, साने गुरुजी मार्ग. घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, पण त्याने नावही ऐकलं नव्हतं.

‘‘पण तिथेही डॉक्टरच बसणार ना?’’

हा प्रश्न जुना आहे. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१२ साली झाला. सध्याची परिषद १९६५च्या कायद्याची. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी ती ठेवते, दोषी ठरलेल्याचं नाव काही काळ किंवा कायमचं काढू शकते. (नुकसानभरपाई मात्र इथे मिळत नाही, त्यासाठी ग्राहक आयोग.) परिषदेवर ९ सदस्य आम्ही डॉक्टर मतदानाने पाठवतो, ५ सरकार नेमतं, उरलेले पदसिद्ध.

निवडून आलेल्याला पुढची मतं आमच्याकडूनच हवी असतात आणि निवाडाही आमचाच करायचा असतो. २०१६च्या निवडणुकीत मीसुद्धा सहकाऱ्यांनी हातात दिलेल्या पॅनेलच्या चिठ्ठीवरच मत टाकलं. उमेदवाराने तक्रारींबद्दल काय म्हटलंय, हे वाचलंही नाही.

ब्रिटनमध्ये हॅरॉल्ड शिपमन या डॉक्टरला १५ रुग्णांच्या खुनाबद्दल २००० साली शिक्षा झाली. पुढच्या चौकशीत तिथल्या परिषदेवरच ठपका आला: ती रुग्णांपेक्षा डॉक्टरांकडे जास्त बघते. २००९पासून तिथे निवडणूकच नाही. अर्ज मागवून सदस्य नेमतात, आणि आज १२ पैकी ६ जण डॉक्टर नसतात.

आपल्याकडे निवडणूक बंद करा, असं मी म्हणणार नाही. सगळेच नेमलेले असले तर मंत्रालयाकडे बघून काम करतील. पण सरकारच्या त्या ५ जागा तरी जाहिरात देऊन, निकष सांगून भरता येतील. आणि मुदत संपण्याआधी पुढची निवडणूक व्हायला हवी. २०२२मध्ये मुदत संपली आणि परिषदेवर प्रशासक आला. प्रशासक कितीही भला असला, तरी तो एकटाच.

मुलाला मी जुनं प्रिस्क्रिप्शन काढायला सांगितलं. त्यावर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असतो, तक्रारीत तो लिहायचा. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. क्रमांक छापलेलाच नव्हता.

‘‘मग हेही लिहा,’’ मी म्हटलं.