आगीतले तेल आणि पाण्यावरचे तेल

बांधावरून दोन भाऊ हमरीतुमरीवर आले आणि तिसऱ्याने मागची उणीदुणी उकरून काढली, की आपण म्हणतो, ‘याने आगीत तेल ओतले.’ मंडळी, इंग्रजीतही भांडणात तेल ओततात. पण ते भांडण शमावे म्हणून! ‘पोअर ऑइल ऑन ट्रबल्ड वॉटर्स’, म्हणजे खवळलेल्या पाण्यावर तेल ओतणे. अर्थ असा की, चार गोड शब्द बोलून तंटा निवविणे.

शिक्षकबंधूंनो, मुलाने यातला ‘तेल’ एवढाच शब्द धरला, तर अर्थाचा अनर्थ ठरलेला. समेट घडवणारा सज्जन त्याच्या उत्तरात कळलाव्या होऊन बसेल!

पण पाण्यावर तेल ओतायचे कशाला? ही दर्यावर्दी लोकांची जुनी युक्ती. तेलाने समुद्र शांत होतो, असे रोमन ग्रंथकार प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच लिहून ठेवले. पुढे बीड नावाच्या इंग्रज धर्मगुरूने ७३१ साली पुऱ्या केलेल्या इतिहासात, मंतरलेल्या तेलाने वादळ शमल्याची कथा सांगितली. (आपल्या बीड गावाशी याचा संबंध नाही बरे!)

खरी पारख केली ती बेंजामिन फ्रँकलिनने. १७५७ साली इंग्लंडला जाताना ताफ्यातल्या दोन जहाजांमागचे पाणी त्याला गुळगुळीत दिसले. कप्तान म्हणाला, ‘आचाऱ्यांनी तेलकट पाणी ओतले असेल.’ पुढे लंडनजवळ क्लॅपहॅमच्या तळ्यावर त्याने तेल ओतून पाहिले. प्रथम ओतले ते लाटा मोठ्या होत्या त्या काठाला. वाऱ्याने ते परत काठालाच लोटले. मग तो वारा येतो त्या बाजूला गेला, जिथे लाटा उठू लागतात. चमचाभर तेलाने अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे पाणी आरशासारखे झाले! १७७४ साली त्याने हे छापून प्रसिद्ध केले.

यातले इंगित सोपे आहे. तेलाचा पातळ तवंग बारीक तरंगांना जागीच दाबतो. पाणी सपाट राहिले, की वाऱ्याला पकड सापडत नाही. मात्र एकदा उठलेली मोठी लाट तेलाने पडत नाही. १७७३ साली पोर्ट्समथच्या किनाऱ्यावर फ्रँकलिनलाही हाच अनुभव आला.

भांडणाचेही तसेच नाही का? गोड शब्द घालायचा तो वारा सुटतो तिथे, पहिल्या तरंगालाच. कोर्टाची पायरी चढल्यावर चमचाभर तेल पुरत नाही.

तेव्हा वर्गात हा वाक्प्रचार आला, की मुलांना आधी एवढेच विचारा: ‘तेल ओतले खरे, पण कशावर?’