विश्लेषण : ॲपमध्ये आधी काय करायचे, हे ठरवतो कोण?

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या प्रवाशांना लोकलचे तिकीट आज मोबाइलवर मिळते. पण ही सोय एका दमात आलेली नाही. सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने का बनते आणि पुढचा टप्पा कसा ठरतो?

लोकल तिकिटाचे उदाहरण काय सांगते?

रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेचे ‘यूटीएस’ ॲप २७ डिसेंबर २०१४ रोजी मुंबईत सुरू झाले. तेव्हा मोबाइलवर तिकीट काढले, तरी छापील प्रत स्थानकातील एटीव्हीएम यंत्रातून घ्यावी लागे. २०१५ मध्ये पेपरलेस तिकीट आले. पण तिकीट तपासनीस दिसल्यावरच कोणी तिकीट काढले तर? म्हणून जीपीएसच्या आधारे रुळांजवळ तिकीट काढण्यास अटकाव झाला. मग स्थानकात येऊन पोहोचलेल्यांची अडचण झाली. त्यासाठी क्यूआर कोड लागले. एक अडचण सुटली की पुढची दिसते, ती अशी.

अजाइल आणि लीन म्हणजे काय?

थोडे बनवा, लोकांच्या हाती द्या, त्यांचा अनुभव पाहून पुढचे ठरवा, हे अजाइलचे सूत्र. २००१ मध्ये अमेरिकेत १७ तज्ज्ञांनी त्याचा जाहीरनामा लिहिला. लीनचे मूळ जपानच्या टोयोटा कंपनीत आहे. ग्राहकाच्या उपयोगी न पडणारे काम वाया गेले, असे लीन मानते.

कोणाची भूमिका काय?

‘स्क्रम’ या प्रचलित अजाइल चौकटीत तीन जबाबदाऱ्या असतात.

प्रॉडक्ट ओनर : कामांच्या यादीचा, म्हणजे बॅकलॉगचा क्रम ठरवतो. ही एकच व्यक्ती असते, समिती नव्हे.

डेव्हलपर : एका स्प्रिंटमध्ये, म्हणजे जास्तीत जास्त महिनाभरात, किती काम पेलेल हे ठरवतात.

स्क्रम मास्टर : अडथळे दूर करतो, पद्धत पाळली जाते का ते पाहतो. तो टीमचा साहेब नसतो.

प्राधान्य कसे ठरते?

‘मॉस्को’ पद्धतीत कामांचे चार गट होतात : हवेच, असावे, असले तर बरे आणि या वेळी नाही. चौथा गट सर्वात अवघड, कारण तिथे कोणाला तरी नकार द्यावा लागतो.

दुसरी पद्धत गणिताची : उशिराने होणारे नुकसान भागिले कामाचा आकार. समजा, पेपरलेस तिकिटाला नुकसानीचे १० गुण आणि आकाराचे ५, उत्तर २. पास नूतनीकरणाला ८ आणि २, उत्तर ४. म्हणजे पेपरलेस तिकीट जास्त महत्त्वाचे असूनही पास आधी, कारण कमी श्रमात जास्त त्रास वाचतो.

क्रम चुकला तर?

भुर्दंड वापरणाऱ्याला बसतो. ॲपवरच्या तक्रारींवरूनच यादी बनली, तर ज्याला ॲप जमत नाही त्याची अडचण यादीत येतच नाही. यासाठी लीनमध्ये ‘गेंबा’ हा जपानी शब्द आहे : काम प्रत्यक्ष घडते ती जागा. तिथे जाऊन पाहा, मग ठरवा, असा त्याचा आग्रह. तिकिटाच्या ॲपसाठी ती जागा म्हणजे सकाळच्या गर्दीतली कल्याणची तिकीट खिडकी.