विश्लेषण : छळछावण्यांत छायाचित्रण, स्मरण की अवमान?

पोलंडमधील ऑशविट्झ-बिर्केनाऊ या नाझी छळछावणीच्या स्मारकाला २०१९ मध्ये सुमारे २३ लाख लोकांनी भेट दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये संग्रहालयाला समाजमाध्यमावरून पर्यटकांचे कान टोचावे लागले. छावणीत जाणाऱ्या रेल्वेरुळावर तोल सांभाळत चालतानाचे फोटो काढून घेण्याची टूम निघाली होती. तरीही संग्रहालयाने छायाचित्रणावर सरसकट बंदी घातली नाही. असे का?

तिथे काय घडले?

नाझींनी १९४० ते १९४५ या काळात ऑशविट्झमध्ये सुमारे ११ लाख लोकांचा जीव घेतला. त्यातील जवळपास १० लाख ज्यू होते. सोव्हिएत सैन्याने २७ जानेवारी १९४५ रोजी छावणी मुक्त केली. १९४७ मध्ये तिथे संग्रहालय झाले आणि १९७९ मध्ये या जागेला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

पहिला कॅमेरा कोणाचा?

मारेकऱ्यांचा. मे-जून १९४४ मध्ये हंगेरीतून आलेल्या ज्यूंचे फोटो खुद्द एसएसच्या माणसांनी काढले. फलाटावरची गर्दी, वेगळ्या केलेल्या बायका-मुलांच्या रांगा असे सारे त्यात आहे. लिली जेकब ही तरुणी त्याच सुमारास हंगेरीतून तिथे आणली गेली होती. पुढे डोरा छावणीतून सुटका होताना हा अल्बम तिच्या हाती लागला. त्यात तिला तिचे मारले गेलेले दोन धाकटे भाऊ दिसले. १९८० मध्ये तिने तो जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेला दिला.

कैद्यांच्या ओळखपत्रांसाठीचे फोटो विल्हेल्म ब्रासे या पोलिश कैद्याला काढावे लागत. जानेवारी १९४५ मध्ये ते जाळून टाकण्याचा हुकूम आला. ब्रासे आणि त्यांच्या सहकाऱ्याने तो मोडला. त्यामुळे सुमारे ३९ हजार चेहरे वाचले. युद्धानंतर मात्र ब्रासे यांना छायाचित्रकाराचा व्यवसाय पुन्हा करता आला नाही.

कैद्यांनी स्वतःहून फोटो काढले का?

हो, जिवावर उदार होऊन. गॅसकोठड्यांतील मृतदेह जाळण्याचे काम ज्या कैद्यांकडून करून घेतले जाई, त्यांना ‘सोंडरकोमांडो’ म्हणत. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी चोरून आणलेल्या कॅमेऱ्याने चार फोटो टिपले. एकात विवस्त्र केलेल्या बायका दिसतात, दोनांत उघड्यावर जळणारी प्रेते. चौथ्यात फक्त झाडांचे शेंडे आहेत, कारण डोळ्याला कॅमेरा लावायला उसंतच नव्हती. ही फिल्म टूथपेस्टच्या ट्यूबमधून बाहेर गेली.

आता रिकाम्या जागेचे फोटो कशाला?

एरिक हार्टमन हे ज्यू मुलगा म्हणून १९३८ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेला गेले आणि पुढे नामांकित छायाचित्रकार झाले. पन्नास वर्षांहून अधिक काळानंतर त्यांनी ऐन हिवाळ्यात छावण्या पालथ्या घातल्या आणि १९९५ मध्ये त्यांचे पुस्तक आले. ब्रिटिश छायाचित्रकार मायकेल केना यांनी या कामाला दहा वर्षांहून अधिक काळ दिला आणि अखेर निगेटिव्ह व प्रिंट फ्रान्सला देऊन टाकल्या. दोघांचीही चित्रे कृष्णधवल. तारेचे कुंपण, पायऱ्या, भट्टीचे दार; माणसे जवळपास नाहीतच.

याचे एक कारण व्यावहारिक आहे. लाकडी बराकी कुजतात, विटा ढासळतात. ट्रेब्लिंका, सोबिबोर आणि बेल्झेक ही हत्याकेंद्रे तर नाझींनीच पाडून टाकली होती. पुरावा उरू नये, हा त्यांचा हेतू होता. उरलेल्या जागेची नोंद ठेवणे म्हणजे तो हेतू फसवणे. दुसरे कारण पाहणाऱ्याशी संबंधित आहे. फोटोत कोणीच नसले की इथली माणसे कुठे गेली, हा प्रश्न त्यालाच पडतो.

मग सेल्फीत गैर काय?

सेल्फीत जागा मागे जाते आणि आपण पुढे येतो. जर्मनीत राहणारे इस्रायली कलाकार शहाक शपिरा यांनी २०१७ मध्ये हेच दाखवले. बर्लिनच्या होलोकॉस्ट स्मारकावर उड्या मारणाऱ्यांच्या १२ फोटोंमागे त्यांनी छावण्यांतील मृतदेहांची दृश्ये जोडली. संबंधितांपर्यंत संदेश पोहोचल्यावर त्यांनी ते फोटो काढून टाकले.

ऑशविट्झचे नियमही याच अंगाने जातात. स्वतःसाठी फोटो काढता येतात, पण आत फ्लॅश आणि स्टँड चालत नाही. बळींचे केस ठेवलेले दालन आणि ११ क्रमांकाच्या इमारतीचे तळघर इथे मात्र कॅमेरा पूर्ण बंद.

एआयमुळे काय बदलले?

एआयने तयार केलेली बळींची खोटी चित्रे फेसबुकवर पसरत असल्याचा इशारा संग्रहालयाने २०२५ मध्ये दिला. ही चित्रे खऱ्या फोटोंपेक्षा स्पष्ट आणि डोळ्यांत पाणी आणणारी असतात. धोका असा, की बनावट चित्रे वाढली की नाकारणाऱ्यांना खऱ्यावरही बोट ठेवता येते. सोंडरकोमांडोंचे चार फोटो अस्पष्ट, तिरके आहेत. पण ते कुठून काढले आणि कसे बाहेर गेले, याचा माग लागतो. त्यांच्यासोबत छावणीतून एक चिठ्ठीही बाहेर गेली होती. तिच्यात मागणी होती फिल्मच्या आणखी दोन रोलांची.