तारेचा पीळ, काचेचा धागा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात तारांविषयी लिहावे, याचे विज्ञानशाखेतील मित्रांना हसू येईल. परंतु प्रसंगच तसा घडला. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी आम्ही सहा-सात जण अकोल्यातील एका केंद्रावर रांगेत उभे होतो. एकाएकी संगणकाचे काम थांबले. 'नेट गेलं', एवढेच उत्तर मिळाले. भिंतीवरील पेटीतला दिवा मात्र हिरवा होता, म्हणजे बाहेरून येणारी काचेची तार शाबूत होती. तासाभराने शोध लागला तो टेबलाखाली. पेटीपासून संगणकापर्यंतची तार उंदराने कुरतडली होती! नवे टोक बसले आणि माझा अर्ज गेला. माझ्यामागे आमच्याच वर्गातील, अकोटकडच्या खेड्यातून येणारी एक मुलगी उभी होती. शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून ती अर्ज न भरताच निघून गेली होती.

त्या तुटक्या तारेच्या पोटात आठ बारीक तारा होत्या. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदारीण. प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. हा पीळ कशासाठी? आपण कापसाच्या मुलखातले. सुताला पीळ दिला की बळ येते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. इथे मात्र पीळ बळासाठी नसतो. जवळपासची मोटार, पंखा, विजेच्या तारा यांच्यामुळे संदेशाच्या तारेत नको ती वीज उत्पन्न होते. म्हणून जोडीतील दोन तारांतून एकच संदेश उलटसुलट रूपात पाठवितात आणि पलीकडचे यंत्र त्या दोहोंतील फरक तेवढा वाचते. पिळामुळे दोन्ही तारा आळीपाळीने मोटारीच्या जवळ येतात, गोंगाट दोहोंत जवळजवळ सारखाच शिरतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. चारही जोड्यांचा पीळ कमीअधिक घट्ट ठेवतात, म्हणजे एकीची कुजबूज दुसरीत उतरत नाही. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने टेलिफोनसाठी या युक्तीचे पेटंट १८८१ साली घेतले. टोक बसविताना अर्ध्या इंचाहून अधिक पीळ उलगडू नये, असे जाणकार सांगतात ते याचसाठी. अशी तार १०० मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे मध्ये यंत्र बसवावे लागते.

यापूर्वीच्या संगणककक्षांत समाक्ष तार असे. केबल टीव्हीसाठी घरात येणाऱ्या काळ्या तारेची ही बहीण. मधोमध तांबे, त्यावर प्लास्टिक, मग धातूची जाळी आणि वर आवरण. जाळी गोंगाट अडविते खरी, पण सारे संगणक एकाच तारेवर ओळीने जोडलेले. एक जोड सैल झाला की सगळी ओळ बंद. ती मागे पडली याचे कुणाला दुःख झाले असेल, असे वाटत नाही.

लांब पल्ल्याच्या तारेची कथा मात्र वऱ्हाडाच्या जवळची आहे. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन समुद्रतळाशी तार टाकली. आत तांबे, भोवती गटापर्चा या झाडाच्या चिकाचे वेष्टन, वर लोखंडी तारांचे चिलखत. त्याच वर्षी खामगावच्या कापूसबाजारापर्यंत रेल्वेचा फाटा आला. लिव्हरपूलचा भाव पूर्वी जहाजातल्या टपालाने कळे. आता तो तारेने येऊ लागला. पण कुणाकडे? व्यापाऱ्याच्या पेढीवर. कास्तकाराच्या बांधापर्यंत ती तार आली नाही.

आज त्याच मुंबई-नागपूर लोहमार्गाच्या कडेने, अकोला-बडनेऱ्यावरून, काचेच्या तारा गेल्या आहेत. ही तार केसाहून कितीतरी बारीक अशा काचेच्या गाभ्याची असते. लांब पल्ल्याच्या तारेत त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अवघी ९ पट. भोवती किंचित निराळी काच. गाभ्यातून तिरपा आलेला प्रकाश या सीमेवर आदळून पुन्हा आतच परततो व पुढे जातो. नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली अशा तंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखविले. पण त्या काळच्या काचेत प्रकाश थोड्याच अंतरात विझे. दोष तत्त्वाचा नसून काचेतील अशुद्धतेचा आहे, हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये मांडले. त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. आजच्या काचेत १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. मोटारीचा वा आकाशातील विजेचा गोंगाट तिच्यात शिरत नाही. मात्र तिला काटकोनात वाकवू नये, प्रकाश बाहेर सांडतो. आणि खोदकामात तुटली तर तांब्यासारखी पीळ देऊन जोडता येत नाही. दोन्ही टोके वितळवून एकजीव करावी लागतात.

ग्रामपंचायतींपर्यंत ही तार नेण्याच्या योजनेला २०११ साली मंजुरी मिळाली. तीच पुढे भारतनेट झाली. अर्ज राहिलेली ती मुलगी नंतर ग्रंथालयात भेटली, तेव्हा मी तिला याविषयी विचारले. ती म्हणाली, "आमच्या ग्रामपंचायतीत पेटी लागली आहे ना. पण तिथून पुढं कोणी तारच ओढली नाही."